चेंडू निजलाय, हळू बोला

अंबादास सरांच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा त्यांनी तोंडावर बोट ठेवून कोपऱ्याकडं मान हलवली. मला वाटलं, तान्हं मूल असेल. पण सर तर सडे. वाकून पाहिलं, तर कोपऱ्यात घडी घातलेली सतरंजी, तिच्यावर कॉलेजचा बास्केटबॉल आणि त्याच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढलेला धुतलेला पंचा. चेंडूला गळा नसतो हे मला कळतं, पण पंचा गळ्यापर्यंतच होता.

"शनिवारी म्याच हाय," सर कुजबुजले. "निजलाय. हळू बोला."

मी तेव्हा उस्मानाबादच्या कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती. कॉलेज नवं, प्राध्यापक नवे, आणि जो सर्वांत नवा त्याच्या गळ्यात जिमखाना बांधायचा, अशी प्राचार्यांची रीत. मी बेंबळीचा. लहानपणी आमच्या बैलानं पाठलाग केला तेव्हा धावलो होतो तेवढंच. असा मनुष्य खेळांचे शिक्षक अंबादास सर यांच्या तावडीत सापडला.

सर उंच, वाळलेले, गुडघ्यापर्यंतच्या खाकी चड्डीत सदैव उभे. गळ्यात शिट्टी आणि शिट्टीच्या दोरीत एक कवडी ओवलेली. ती कवडी म्हणजे त्यांचं तुळजापूर. घराणं देवीच्या पुजाऱ्यांचं. पोरानं वकील व्हावं म्हणून वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हैदराबादला धाडलं. पोरगा तिथं बास्केटबॉल शिकला, वकिली तेवढी राहिली. बरोबर आणली ती हैदराबादी बोली. पोरं उगाच पळायला लागली की सर ओरडत, "हल्लू मियाँ, हल्लू! लोहाऱ्याची बस सुटली काय?"

अण्णांना वकिली गेल्याचं दुःख नव्हतं. त्यांचा राग चामड्यावर. दिवसभर चामडं आपटणारा हात देवीच्या पूजेला लागायचा नाही, असं त्यांनी बजावलं. चेंडू सोड आणि पूजेच्या पाळीला उभा राहा, नाहीतर बोलू नकोस. सरांनी चेंडू सोडला नाही. अण्णांनी बोलणं सोडलं. तेव्हापासून सरांच्या पाळीला धाकटा भाऊ उभा राहायचा आणि सर तुळजापूरला गेले की नारळ घेऊन यात्रेकरूंच्या रांगेत. सख्ख्या भावाच्या हातून अंगारा घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि मिळेल त्या एसटीनं परत.

आता निद्रेचं सांगतो. नवरात्राच्या आधी तुळजापूरची देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. युद्धाला निघायचं तर आधी विश्रांती हवी. सर म्हणत, "अवो प्रोफेसर, साक्षात भवानीला इश्रांती लागती. मग ह्या बिचाऱ्या कातड्याला नको?" सामना ठरला की चेंडूतली थोडी हवा सोडायची, शिवणीला खोबरेल लावायचं, नाडी सैल करायची आणि सतरंजीवर निजवायचा. सामन्याच्या दिवशी सकाळी सायकलचा पंप लावून उठवायचा. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही.

अडचण एवढीच की कॉलेजात चेंडू एकच होता. सामना जवळ आला की सराव बिनचेंडूचा व्हायचा. कप्तान माणिक जळकोटच्या शेतकऱ्याचा पोरगा, दाराच्या चौकटीत न मावणारा. तो पहिल्या वर्षी म्हणाला, "सर, बॉल न्हाय तर आमी धरावं काय?"

"ध्यान धर," सर म्हणाले.

मग पोरं रिकाम्या हातांनी चेंडू आपटत, नसलेला चेंडू एकमेकांकडं फेकत आणि उंच उड्या मारून तो कड्यात टाकत. सर मध्येच शिट्टी फुंकत, "माणक्या, बॉल सुटला की हातातून!" आणि माणिक खरोखर ओशाळून तो उचलून आणायचा. मैदान रस्त्याला लागून होतं. एकदा एसटी तिथं बिघडली, तर एका म्हातारीनं खिडकीतून पोरांना हात जोडले. तिला वाटलं, सगळ्यांच्या एकदमच अंगात आलंय.

कड्याचीही एक गंमत आहे. विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून सरांनी एका विहिरीवरच्या मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं मागून आणून लिंबाच्या फळीला ठोकलं. आमची पोरं त्यात असा धडाधड चेंडू टाकत की प्राचार्यांना आता राज्यात पहिला नंबर दिसू लागला. सोलापूरला गेलो, तर चेंडू कड्यावर आपटून बाहेर. प्रत्येक वेळी बाहेर. सर त्यांच्या कड्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यांचं लहान हाय." परतल्यावर मात्र लोहाराकडून आपलं कापून घेतलं.

आणखी एक नियम होता. खेळताना चेंडूला पाय लागला की थांबायचं, वाकून चेंडूला हात लावायचा आणि तो हात कपाळाला. सामना चालू असला तरी. एकदा माणिक असा वाकलेला असताना समोरच्यांनी त्याच्या हाताखालून चेंडू पळवून कड्यात टाकला. मी सरांवर भडकलो. "अहो, हे काय खूळ?"

"घरचं वळण हाय," सर म्हणाले. "आमच्यात सुपाला पाय लागला तरी अण्णा नमस्कार करायला लावत. जेवत असलो तरी उठवत. आता अण्णा उठवत न्हाईत, तर निदान वळण तरी ठेवतो." इतका हसरा मनुष्य, आणि बापाच्या एका हाकेसाठी आतून असा झुरत होता.

अशात तुळजापुरात एका शाळेचं नवं मैदान तयार झालं आणि सोलापूरच्या एका संघाविरुद्ध खेळून दाखवा म्हणून आम्हांला निमंत्रण आलं. प्राचार्यांनी लगेच होकार कळवला. सरांचा चेहरा पडला.

"दुसरं कुठंबी न्या. बेंबळीला न्या, लोहाऱ्याला न्या. तुळजापुरात नको."

"का? अण्णा येतील म्हणून?"

"येणार न्हाईत म्हणून," सर म्हणाले.

चेंडूला त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त निद्रा मिळाली. एसटीत सरांनी तो मांडीवर घेतला होता, वर पंचा. कंडक्टरनं वाकून पाहिलं आणि पाय न वाजवता पुढं गेला.

मैदानावर ही गर्दी! पुजारी, दुकानदार, यात्रेला आलेली माणसं, सगळे. अंबादास काय खेळ करतो ते बघायला सगळं गाव लोटलं होतं. सामना सुरू झाला आणि थोड्या वेळानं सरांची शिट्टी तोंडातच राहिली. शाळेच्या भिंतीपाशी फेटा बांधलेले, काठी टेकलेले एक म्हातारे उभे होते. खेळाकडं पाठ, तोंड भिंतीकडं. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"अण्णा," सर मला म्हणाले. आवाज अगदी बारीक.

पुढचं सगळं एका दमात घडलं. माणिकच्या हातावर आपटून चेंडू उडाला, गर्दीच्या पायांतून वाट काढत थेट भिंतीकडं गडगडत गेला. कोणीतरी ओरडलं, "अण्णा, सांभाळा!" अण्णा वळले आणि अंगावर येणारी वस्तू थांबवायला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. पाय पुढं केला. चेंडू पायाला लागून थांबला.

आणि पायाला लागला म्हणून अण्णा वाकले. दोन्ही हात चेंडूला लावले, कपाळाला लावले आणि तसेच वाकलेले राहिले. आपण काय केलं हे त्यांना तेव्हा कळलं. जन्मभराची सवय त्यांना फसवून गेली होती.

सर धावत जाऊन त्यांच्यापुढं उभे राहिले. अण्णांनी सरळ होऊन आपल्या तळव्यांकडं पाहिलं.

"चामडंच हाय न्हवं हे?"

"व्हय, अण्णा."

"अन् तू निजवतोस म्हणं ह्याला? देवीवाणी?"

"व्हय. म्याचच्या आधी."

"कशावर?"

"सतरंजीवर."

"हं," अण्णा म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. सर हसत होते आणि डोळे पुसत होते. "अंघोळीला गेले," मला म्हणाले. "थंड पाण्यानं करतील बघा आता. अंग धरंल त्यांचं."

परतताना एसटी निम्म्या वाटेवर आल्यावर सरांनी विचारलं, "प्रोफेसर, जिंकलं कोण?" आम्ही हरलो होतो. "बरं झालं," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सगळ्या प्रवासात "हल्लू मियाँ" एकदाही नाही.

पुढच्या आठवड्यात तुळजापूरच्या एसटीचा कंडक्टर स्टँडवरून सरळ कॉलेजात आला. त्याच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पुडकं होतं. सोडलं, तर आत एक गादी. परातीएवढी, गोल, नवा कापूस भरलेली, टाके सरांच्या आईचे. मध्ये चेंडू नीट बसावा एवढा खोलगटपणाही होता.

"अण्णांनी सांगितलंय," कंडक्टर म्हणाला, "सतरंजीवर नको म्हणावं. अन् नवरात्राच्या आधी घरी यावं. देवीच्या पलंगाला हात कमी पडतो."

सर गादी छातीशी धरून खोलीकडं गेले.

दुपारी सरावाची वेळ झाली तरी शिट्टी वाजली नाही, म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेलो. दार लोटलेलं होतं. चेंडू त्याच्या जुन्या सतरंजीवर, उघडाच पडला होता. आणि त्या एवढ्याशा गादीवर गाल टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, जमिनीवर अंबादास सर गाढ झोपले होते.

मी पंचा उचलला आणि त्यांच्या गळ्यापर्यंत ओढला. मागून माणिक आणि पोरं जिना धडधडवत वर येत होती. मी दारातच त्यांना अडवलं.

"हळू बोला," मी म्हटलं. "निद्रा चालू आहे."