मेश्रामकाकांची लाल पाटी

आमचे घरमालक मेश्रामकाका नेट वापरायला परमिट देतात. मला कम्प्युटर सुरू करायचा असेल तर आधी खाली जायचं, कारण सांगायचं, राउटरशेजारच्या खिळ्यावरची लाल पत्र्याची पाटी घ्यायची आणि वर आपल्या दाराला टांगायची. पाटीवर लिहिलंय, ‘लाइनवर माणसे काम करीत आहेत’. माणसे म्हणजे मी एकटी आणि काम म्हणजे बहुतेक वेळा नोकरीचे अर्ज. पण हे काकांना सांगून काही उपयोग नाही.

काकांची उभी हयात कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. निवृत्तीनंतर नंदनवन वस्तीत घर बांधलं, वरची खोली मला भाड्याने दिली, भाड्यातच नेट धरलं. राउटरमधून दोन वायरी निघतात. एक त्यांच्या कम्प्युटरला, दुसरी खिडकीतून कढीपत्त्याच्या झाडावरून माझ्या खोलीत. एका नेटवर दोन कम्प्युटर चालतात हे साऱ्या जगाला माहीत आहे. काकांना मान्य नाही.

“एका लाइनवर दोन लोड टाकशीन तं ट्रिप नाई होईन काय वं?”

एकदा मी हट्टाने दोन्ही चालवून दाखवायला गेले. सुमनकाकू नातवाला सांभाळायला पुण्याला मुलाकडे असतात आणि रोज अकराला कम्प्युटरवर काकांशी बोलतात. नेमकं त्याच वेळी वर माझा व्हिडिओ सुरू होता, आणि आमच्या स्वस्तातल्या नेटने मान टाकली. काकू ‘आ’ करून स्क्रीनवर थिजल्या. काका धापा टाकत जिना चढून आले. “अवं बंद कर तुयं! थे तोंड उघडं ठेवूनच बसली!”

दुसऱ्या दिवशी पाटी आली. तेव्हापासून एकाचं काम चालू असताना दुसऱ्याची वायर काढून ठेवायची. पाटी परत करायचीही रीत आहे. काका विचारतात, “माणसं बाजूले?” आपण म्हणायचं, “बाजूले.” मग, “औजारं उचलले?” कम्प्युटर बंद केला की औजारं उचलली. मग ते “चार्ज करून राहिलो”, म्हणजे लाइन चालू करतोय, असं ओरडून आपली वायर खोचतात आणि एक पाऊल मागे सरकतात. घरात दुसरं कुणी नसलं तरी ओरडतात.

मी एकदा वैतागून म्हटलं, “काका, नेटनं काय कुणी मरतं?”

ते हसले नाहीत. “लय पयले, ठेकेदाराकडे होतो तवा एकानं घाईनं लाइन चालू केली. परमिट वापस आलं नव्हतं. माणूस खांबावर होता.” एवढं बोलून ते कढीपत्त्याला पाणी घालायला गेले. त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

गेल्या महिन्यात माझी मुलाखत ठरली. सकाळी दहाला, कम्प्युटरवर. जुनी नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते. ही हुकली तर खोली सोडायची आणि यवतमाळला आईकडे परत जायचं, एवढंच उरलं होतं. मोबाइलवर भरवसा नव्हता, माझ्या खोलीत त्याची रेंज येते-जाते. आणि त्याच सकाळी पुण्यात काकूंच्या मोतीबिंदूच्या डोळ्याची पट्टी निघणार होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांना फारसं दिसत नाहीच. “पट्टी निघाली का पयले तुमालेच पाहीन,” असं त्यांनी काकांना बजावलं होतं. काका सकाळीच गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते.

“अकराले वापस?” पाटी देताना त्यांनी विचारलं.

“त्याच्या आधीच, काका.”

दहाला निरोप आला, साहेब दुसऱ्या मीटिंगमध्ये आहेत, थांबा. मी थांबले. डोळा घड्याळावर. अकरा वाजायला आले आणि तीन साहेब एकदम स्क्रीनवर उगवले. “एक मिनिट हं,” म्हणत मी गॅलरीत धावले.

“काका, तुमची वायर लावून घ्या! चालेल दोन्ही!”

“आन् तुयं तोंड उघडं राह्यलं तं? परमिट तुयाकडे हाय. जाय, बस!”

तेवढ्यात त्यांचा बटणांचा फोन वाजला, पुण्याहून मुलाचा. “हाव रे बाबू, लाइन खाली नाई अजून. थांब म्हणा तिले.”

मी येऊन बसले. साहेब जीएसटीचं विचारत होते, माझे कान खालच्या खोलीकडे होते. एकाने विचारलं, “नेट व्यवस्थित आहे ना तुमच्याकडे?” “हो सर, पूर्ण लाइन माझीच आहे,” म्हणताना मला रडू येईल असं वाटलं. प्रश्न संपता संपेनात. शेवटी मोठे साहेब म्हणाले, “सोमवारपासून सुरू करा.” त्यांचे आभार कसेबसे मानले, कम्प्युटर बंद केला आणि पाटी घेऊन जिना उतरले.

काका काळ्या स्क्रीनसमोर ताठ बसले होते. वायरीचं टोक मुठीत होतं आणि राउटर हाताच्या अंतरावर. मला त्यांचा भयंकर राग आला.

“लावायची ना काका! काहून बसले असे?”

“झालं काय तुयं?”

“झालं. नोकरी लागली.”

त्यांनी मान हलवली, पाटी हातात घेतली. “माणसं बाजूले?”

“बाजूले.”

“औजारं उचलले?”

“उचलली हो! लावा आता!”

“चार्ज करून राहिलो!” माझी वायर काढून त्यांनी आपली खोचली. या वेळी मागे सरकायचं विसरले.

स्क्रीनवर काकू आल्या. काळा चष्मा कपाळावर, डोळे गच्च मिटलेले. मागून त्यांचा मुलगा वैतागून बोलला, “बाबा, दवाखान्यातून अशीच आणली हिला, हात धरून. नातवालाही पाहिलं नाही अजून.”

“आले काय हो?” काकूंनी विचारलं.

“हाव. उघड.”

काकूंनी डोळे उघडले. कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “किती वाळले तुमी! जेवून राहिले का नाई बरोबर?”

काकांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. तिकडून काकू “हॅलो, हॅलो” करू लागल्या.

काका माझ्याकडे वळले. “पाय वं, लोड जास्त झाला वाटते. आवाज अटकून राहिला.”

मी राउटरकडे पाहिलं. दिवे सगळे नीट चालू होते आणि माझी वायर खाली लोंबत होती.

“हो काका, माझ्यामुळेच असेल,” मी म्हटलं आणि दार ओढून वर आले.