बाईंच्या उत्तराची जागा

आमच्या शेजारचे भापकर वकील ओट्यावर बोलता बोलता मध्येच थांबतात आणि घराच्या दाराकडे बघतात. नवख्या पक्षकाराला वाटतं, आता चहा येणार. चहा काही येत नाही.

त्यांना नाद शब्दांचा. उभा जन्म कर्जतच्या कोर्टात गेला आणि बायको मिळाली शाळेत व्याकरण शिकवणारी. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो. रोज संध्याकाळी ओट्यावर दोघांची जुंपायची, आणि मी भाजी निवडायच्या निमित्ताने तिथे जाऊन बसायची.

"कायद्यात कर्ता म्हणजे एकत्र कुटुंबाचा कारभारी," वकील छाती पुढे काढून सांगत.

"व्याकरणात क्रिया करणारा तो कर्ता," बाई दाराशी बसून शेंगा सोलत म्हणत. "सकाळपासून या घरात क्रिया कोण करतंय?"

वकील गुमान शेंगा सोलायला घेत. पण गप्प बसतील तर वकील कसले!

"कायद्यात 'तो' म्हटलं की त्यात 'ती'पण आली."

"मग एकदा 'ती' लिहून बघा की. त्यात 'तो' मावतोय का पाहू."

पहिला शब्द वकिलांचा, शेवटचा बाईंचा, असा त्या घरचा शिरस्ताच होता. वकील रोज हरायचे आणि दुसऱ्या दिवशी हरायला नवा शब्द घेऊन यायचे.

बाई गेल्या. वकिलांचा शिरस्ता मात्र सुटला नाही. अजूनही कायद्यातला अर्थ सांगतात आणि थांबतात. राशीनकडचा एक पक्षकार बिचारा घाबरून गेला. "सायेब, गोळी घ्यायची राह्यली का तुमची?" त्यानं विचारलं. मीही आमच्या यांना म्हणाले होते, वकिलांचं आता वय झालं. मग हळूहळू लक्षात आलं. एक शेंग फोडून उत्तर द्यायला बाईंना जेवढा वेळ लागायचा, तेवढेच ते थांबत होते.

मध्ये ते पुण्याला लेकीकडे राहायला गेले आणि आठवड्याच्या आत परत आले.

"करमलं न्हाई का?" मी विचारलं.

"माणसं लई चांगली हायत. पण जरा थांबलं की कुणीतरी माझं वाक्य पुरं करतं."

या दिवाळीत लेक माधुरी त्यांना कायमचं न्यायलाच आली. तिचंही खोटं नव्हतं. बापाच्या काळजीनं तिला तिकडे घास गोड लागत नव्हता. वकील नाही नाही म्हणत तयार झाले. बॅग ओट्यावर आली. मी निरोपाचा चहा घेऊन गेले, तर वकील कुलूप हातात धरून नुसतेच उभे.

"आप्पा, लावा ना. घर रिकामंच आहे आता," माधुरी म्हणाली.

"कायद्यात रिकामं म्हणजे ज्यावर कुणाचा ताबा नाही ते," वकील म्हणाले. आणि थांबले. दाराकडे बघत राहिले.

"तेच म्हणतेय मी, इथे आता..."

"थांब," वकिलांनी हात वर केला. "तिला बोलू दे."

चहावर साय धरली.

माधुरीनं डोळे पुसले, बापाच्या हातातलं कुलूप काढून घेतलं आणि बॅग उचलून घरात नेऊन ठेवली. आतून येताना तिच्या हातात शेंगांनी भरलेलं सूप होतं. ती दाराशी, आईच्या जागेवर बसली आणि सोलायला लागली.