महादेवीकाकूंची तेलाची वाटी

आमच्या समोरच्या दारातल्या महादेवीकाकूंना नमस्कार करायला कुणी वाकलं, की आशीर्वादाआधी टाळूवर तेल पडतं. परवानगी वगैरे भानगड नाही. गॅसवाला, पोस्टमन, आमच्याकडचे पाहुणे, कुणी सुटलेलं नाही. माझ्या डोक्याचं माळरान होऊन बरीच वर्षं झाली, पण मलाही सवलत नाही. "मनूचे पप्पा, तुमचं बरंय की! तेल मुरतच न्हाय, नुसतं चमकतंय."

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या, मनूच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली. काकूंचं निदान तयार होतं, "किडा लागलाय. उशीत असणार." त्यांनी आमच्या सगळ्या उशा गच्चीवर नेऊन उसवल्या आणि कापूस उन्हात पसरला. किडा सापडला नाही. वारा मात्र सुटला आणि आमच्या उशा सात रस्ता चौकाच्या दिशेनं निघून गेल्या.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडाबिडा काही नाही. रोगाशी लढणारी अंगातली फौजच चुकून केसांच्या मुळांवर उठलीय. हे कुणाकडून कुणाला लागत नाही. थायरॉइडही तपासून घ्या, ही दुखणी कधी कधी जोडीनं येतात. केस येतील, पण खात्री देता येत नाही.

मी हे सगळं मोठ्या रुबाबात काकूंना समजावलं. त्या विचारात पडल्या. "म्हंजे घरचीच मानसं हाणायल्यात म्हणा की."

पुढं मनूचे सगळेच केस गेले. ती रुमाल बांधून खोलीत बसायला लागली. कॉलेज बंद, आरशावर टॉवेल. आईलासुद्धा डोक्याला हात लावू देईना. आम्ही दोघं नुसते दाराबाहेर घुटमळायचो.

एका रविवारी काकू वाटी घेऊन आल्या आणि चक्क उंबऱ्यात थांबल्या.

"येऊ का गं, मनू?"

"काकू, तेलानं केस येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय."

"ठावं हाय की. केसासाठी कोण आलंय?" त्यांनी वाटी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "मालक गेले. पोरं पुण्याला. तेल लावायला घरात डोकंच न्हाय राहिलं बग. हात लई रिकामं वाटत्यात."

मनूनं त्या वाटीकडं पाहिलं. मग तिनं रुमालाची गाठ सोडली आणि काकूंकडं पाठ करून खाली बसली.

मला त्या वाटीलाच हात जोडावेसे वाटले. डोळे दिसू नयेत म्हणून मी चहा टाकायला आत पळालो. आधण उकळत होतं, तेवढ्यात कितीतरी दिवसांनी मनूचा नेहमीचा हट्टी आवाज ऐकू आला, "काकू, जरा डावीकडं. हां, तिथंच. थांबू नका ना!"