तीनदा वजा केलेलं फिक्स्चर

बीव्हर्टनच्या लॅबमध्ये वेंडेल हाउगेनने दोन वर्षं खपून बनवलेल्या कनेक्टरचा निकाल गुरुवारी चारच्या फोनवर लागणार होता. आत सोडलेल्या शंभर भाग सिग्नलपैकी पंचाण्णव बाहेर पडले तर ऑर्डर. नाहीतर वेंडेलची रवानगी गॅरेजच्या दारांच्या रिमोट विभागात.

कनेक्टर नुसता मोजता येत नाही. तो एका पट्टीवर, म्हणजे फिक्स्चरवर, बसवावा लागतो आणि ते फिक्स्चरही वाटेत थोडा सिग्नल खातं. म्हणून डब्यासकट तूप तोलून डबा वजा करावा, तसं ते आकड्यांतून काढतात, म्हणजे त्याने खाल्लेलं परत मिळवतात.

हे फिक्स्चर लॅबमधल्याच डोरीन प्रुइटने बनवलेलं. वेंडेल विसरभोळा, म्हणून माप घेताना तिने ते मशीनमध्येच आकड्यांतून काढून टाकलं. बोलली नाही, उगाच त्याला लागायचं. विचारलं तर डोरीन फणकारेल, म्हणून वेंडेलने न विचारता कॉम्प्युटरवर ते पुन्हा काढलं. निकाल आला: शंभरपैकी शंभर.

"वेंडेल, लेका!" साहेब कर्टिस ओरडला. "थेंबही सांडला नाही!"

"अरे, तांब्याचा तुकडा आहे तो. थोडं तरी सांडायलाच हवं."

"विनय पुरे," म्हणत कर्टिसने आकडे आणि सोबत फिक्स्चरची फाइल ग्राहकाला पाठवूनही दिली.

चार वाजता फोनवर ग्राहकाच्या इंजिनिअर मार्गरीटबाई आल्या.

"आमच्याकडे एकशे चार येतायत. तुमचा कनेक्टर वीजही बनवतो का हो?"

"तुम्ही... काही केलंत का?" वेंडेलने विचारलं.

"फिक्स्चर काढलं. माल देणारे कधी काढतात होय? आणि विचारलं की रुसतात."

वेंडेलने डोरीनकडे पाहिलं. डोरीनने छताकडे.

"तूही काढलं होतंस?"

"मग! तुझ्या भरवशावर बसू?"

काहीच न काढलेलं मूळ माप उघडलं: ब्याण्णव. वेंडेलच्या डोळ्यांपुढे गॅरेजची दारं वर-खाली होऊ लागली.

"तोंड काय पाडतोस? माझं फिक्स्चर चार खातं," डोरीन म्हणाली. मग ते एकदाच, सर्वांदेखत, मोठ्याने सांगून काढलं. शहाण्णव.

"पास," मार्गरीटबाई म्हणाल्या.

"मघाशी शंभर होते," कर्टिस पुटपुटला.

"पण फिक्स्चर चारच खातं? आमचं नऊ खातं. हे बनवलं कुणी?" मार्गरीटबाईंनी विचारलं.

डोरीन कानापर्यंत लाल झाली.

"मी. तीस वर्षं हेच बनवतेय. बनवलं की आकड्यांतून पुसतात. आज तीनदा पुसलं, तेव्हा कुठे दिसलं."