बिनतेलाचे आलूबोंडे

भागीरथाबाईंनी ठरवलं म्हणजे ठरवलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बापूजींच्या रक्तात चरबी वाढल्याचं सांगितलं आणि तेल जवळजवळ बंद करायला लावलं, तेव्हा बापूजींचा चेहरा पाणी न मिळालेल्या धानासारखा झाला. परतीच्या एसटीत भागीरथाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तुमी काई काळजी करू नका. आलूबोंडाबी खासान अन् तर्रीबी खासान. तेल गेलं हे तुमच्या जिभेले समजनार नाई."

"तर्री म्हंजे तेलच असते नं व," बापूजी हळूच म्हणाले.

"ते माह्यावर सोडा."

गडचिरोलीला राहणारी सून रंजीता फोनवर व्हिडिओ पाठवायची आणि भागीरथाबाई चष्मा लावून ते पाहायच्या. आलूबोंडे कढईतून निघून आप्पेपात्रात गेले. वडे इडलीसारखे वाफेवर बसू लागले. तर्रीचा मसाला कोरडाच भाजायचा, आणि वर लाल तवंग दिसावा म्हणून बिटाचा रस सोडायचा. पहिल्या दिवशीचा बोंडा भिंतीवर मारला असता तर भिंतीचा पोपडा पडला असता. पण बापूजींनी तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला आणि म्हणाले, "मस्त झाला."

तेहतीस वर्षांच्या संसारात भागीरथाबाईंना नवऱ्याचं खोटं लगेच कळायचं. पण हे खोटं त्यांना इतकं गोड वाटलं, की त्यांनी आणखी एक बोंडा वाढला.

आता झालं असं, की ज्या घरात माणूस गेलं त्या घरात सुतक फिटेपर्यंत फोडणी देत नाहीत, कढई चढवत नाहीत, ही त्यांच्या गावातली रीत. शेजारच्या उर्वशीचं नाक तिखट. काकींच्या घरून फोडणीचा वास येईना, तळणाचा तर नाहीच नाही. त्यातच उन्हाळा डोक्यावर आला म्हणून बापूजींनी डोक्याचा चकोट केला. न्हाव्याच्या हातून मिशीची एक बाजू जास्त उडाली, तेव्हा दुसरी बाजूही काढावी लागली. गावात कुठेही उठून दिसणारी ती झुपकेदार मिशी गेली. उर्वशीनं बापूजींना तसं अंगणात पाहिलं आणि तिची खात्रीच पटली.

दुपारी ती डोक्यावर पदर घेऊन आली आणि भिंतीला टेकून बसली.

"काकी, अचानकच झालं का?"

"अचानकच व. डाक्टरनं सांगतलं अन् त्याच दिवशी संपलं सारं."

"काकाजीले लय लागलं असन."

"त्याइलेच तं जड गेलं. लहानपनापासूनचा संग होता नं. रातच्याले नुसते कूस बदलत राह्यतेत."

उर्वशीनं डोळे पुसले. "तुमी मोठ्या धीराच्या, काकी."

"धीर कायचा? हप्ताभर आठवन येते, मंग मानूस इसरते. मी तं म्हनते, गेलं ते बरंच झालं. घर कसं हलकं वाटून राह्यलं."

उर्वशी त्यांच्याकडे बघतच राहिली. भागीरथाबाईंनी वाफवलेल्या वड्यांची ताटली पुढे केली, तर तिनं दोन्ही हात जोडले आणि उठून गेली. सुतकाच्या घरचं कोण खाणार?

मग लोक येऊ लागले. बाया आत बसायच्या, माणसं बापूजींजवळ ओसरीवर. कोण गेलं हे कोणी विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं कसं? प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याला माहीत असेल. लहानू पाटलांनी बापूजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि "देवाची मर्जी," म्हणाले. बापूजींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आपलं दुःख निदान एकाला तरी कळलं, असं त्यांना वाटलं.

भागीरथाबाई तर हरखून गेल्या. आपल्या नवऱ्याच्या तब्येतीची अख्ख्या गावाला एवढी काळजी असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. फक्त एक गोष्ट मनाला लागली. इतकी माणसं आली, पण एकानंही त्यांच्या ताटाला हात लावला नाही.

ही बातमी बाजारच्या दिवशी चिमूरला पोचली. तिथे भागीरथाबाईंचा मोठा भाऊ गुलाब राहायचा. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत बापूजींचं नाव छापायचं राहून गेलं होतं. भागीरथाबाई रुसल्या आणि लग्नाला गेल्या नाहीत. गुलाबला त्याचा राग आला. दोन वर्षं झाली, भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. भागीरथाबाई कधी त्याचं नाव काढत नसत. मात्र चिमूरहून येणारी गाडी थांबली, की त्या उगाच दारात येऊन उभ्या राहायच्या.

'तुमच्या बहिनीकडे सुतक हाय,' एवढंच गुलाबच्या कानावर आलं. घरात माणसं दोन. त्यातला एक दवाखान्यात जाऊन आलेला, हे त्याला आधीच कळलं होतं. गुलाबनं आणखी काही विचारलं नाही. नवरा गेलेल्या बहिणीला माहेरची साडी द्यायची रीत, म्हणून साडी घेतली आणि मोटरसायकलला किक मारली.

भर उन्हात तो पोचला. बाहेरच्या झळाळीतून ओसरीच्या सावलीत आल्यावर त्याला नीट दिसत नव्हतं. खांबाशी कोणी चकोट केलेला म्हातारा बसला होता. गुलाब त्याच्याजवळ बसला, दुपट्टा तोंडाला लावला आणि खाली मान घालून रडू लागला.

"सोन्यासारखा मानूस होता हो," तो म्हणाला. "माहा बाप गेला तवा सारी धानकापनी त्यानंच करून देल्ली. कवा बोलून नाई दाखवलं. एक नाव पत्रिकेत छापाचं राह्यलं, अन् त्याच्यापायी मी दोन वर्सं त्याचं तोंड नाई पाह्यलं. माही बहीन एकटी पडली."

बापूजींनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. जन्मात कोणी त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं. मधेच तोडावं असं त्यांना वाटेना.

आवाज ऐकून भागीरथाबाई ताटली घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. भावाची पाठ त्यांनी ओळखली. तो कोणासाठी रडतोय, हे कळायला मात्र थोडा वेळ लागला.

"गुलाबभाऊ," बापूजी शेवटी अवघडून म्हणाले, "पानी घ्या जरा."

गुलाबचा हुंदका अर्ध्यावरच अडकला. त्यानं दुपट्टा खाली केला, त्या बिनमिशीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खांब घट्ट धरला.

"भाऊजी? तुमी जिते हा?"

"हो नं. तेल तेवढं बंद हाय."

"माह्या नवऱ्याले मारून टाकलं का तुमी?" भागीरथाबाई दारातून म्हणाल्या. आवाज चढवायचा होता, पण तो फुटला. "दोन वर्सं आले नाई, अन् आता त्याले रडाले आले?"

"तू बलावलं का कवा?"

"भावाले बलावा लागते का?"

गुलाबनं साडीची पिशवी हळूच मांडीखाली सरकवली. भागीरथाबाईंनी ती पाहिली होती. त्यांनी ती ओढून घेतली, साडी उघडली, काठ बोटांनी चाचपला आणि खांद्यावर टाकली. "रंग चांगला हाय," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

जेवायला त्यांनी भावाला वाफवलेले वडे आणि बिटाची तर्री वाढली. गुलाबनं एक घास घेतला. बराच वेळ चावला. बापूजी त्याच्याकडे आशेनं पाहत होते.

"भागू," गुलाब गंभीरपणे म्हणाला, "गावाची काई चूक नाई. असं सुतकातच खातेत."

भागीरथाबाई आधी रागानं लाल झाल्या, मग हसू लागल्या. हसता हसता उठल्या आणि फळीवरची कढई खाली काढली. भाऊ दोन वर्षांनी आला होता. त्याच्यासाठी आलूबोंडे तळले, आणि एक, अगदी लहानसा, बापूजींच्या ताटात ठेवला.

"एकच. जिते हा म्हनून."

बापूजींनी तो बोंडा डोळे मिटून, सावकाश खाल्ला. मग आवाज खाली करून म्हणाले, "गुलाबभाऊ, ते मघा तुमी म्हनत होते नं, सोन्यासारखा मानूस, ते हिच्यासमोर एकदा अजून म्हना नं."

गुलाबनं तिसरा बोंडा तोंडात टाकला.

"ते मेलेल्यासाठी होतं, भाऊजी," तो म्हणाला. "जित्यासाठी येवढं नाई म्हनत."