काटा काय म्हणते?

शोकसभेत वक्ते भरल्या गळ्यानं सांगत होते, "नव्वद वर्षांचं हे समर्पित आयुष्य..." तेवढ्यात मागच्या रांगेतून गजभिये काका उठले. "नव्वद नाही. शहाऐंशी," म्हणाले आणि बसले. गेलेला माणूस त्यांचा सख्खा मामा होता.

काका आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचे. रोज बसनं कोराडीला जायचे आणि वीज केंद्रातल्या यंत्रांवरचे काटे तपासायचे. दाब दाखवणारा काटा, उष्णता दाखवणारा काटा. चुकला की दुरुस्त करायचा, ही नोकरी. पाच वाजता नोकरी सुटायची, सवय सुटायची नाही.

गांधीबागेत ते कापड घ्यायला जाताना खिशात पोलादी टेप घेऊन जायचे. एका दुकानदाराचा मीटर दोन सेंटिमीटर आखूड निघाला. काकांनी चार गिऱ्हाइकांसमोर तसं सांगितलं. शेजारच्या दुकानात मीटर एक सेंटिमीटर लांब निघाला, तेही सांगितलं. "तुमचं नुकसान होऊन राहिलं शेठ." दोन्ही दुकानांत त्यांना बंदी झाली. आपल्या बाजाराची खऱ्या मापाशी असलेली ओळख ही एवढी.

कुणाला ताप आला, तर काका "कसं वाटते" असं विचारत नसत. "काटा काय म्हणते?" असं विचारत. तापमापी नसेल तर घरून आणून देत आणि ती परत मिळेपर्यंत दारात उभे राहत.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पत्रकं लिहायचो. गांधीबागेच्या मीटरवर मी एक पत्रक काढलं. मथळा होता, 'काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो'. वाक्य काकांचंच होतं. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वार चुकला आहे. त्या दिवशी बुधवार होता."

काकांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली होती. त्यांना स्वतःला सायकल पुरे होती. जीप घेतली ती काकूंसाठी, असं काकू सांगायच्या. काका सांगायचे की टायर चांगले होते म्हणून घेतली. काकूंचा भाऊ ट्रक चालवायचा. त्यानं त्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं की गाडी पन्नासनं गेली की पोटात गुदगुल्या होतात.

"एक डाव पन्नासनं न्या नं जी मले," काकू म्हणायच्या. "सारा जनम सायकलच्या मागं बसून गेला."

"नेतो," काका म्हणायचे. काकांनी एकदा 'नेतो' म्हटलं म्हणजे ते न्यायचेच. पण पहिल्याच महिन्यात जीपचा गिअरबॉक्स फुटला.

तसा गिअरबॉक्स नागपुरात मिळेना. शहराबाहेर वाडीला ट्रकच्या गोदामांमागं एक उस्ताद गॅरेज चालवायचे. त्यांनी एका मोडीत निघालेल्या छोट्या ट्रकचा गिअरबॉक्स काढून जीपला बसवला. ट्रक ओझं ओढायला केलेला, पळायला नाही. जीप आता चढावर हत्तीसारखी चढायची, पण सपाट रस्त्यावर ताशी पस्तीस किलोमीटरला आली की ओरडायची आणि त्यापुढं जायचीच नाही. शिवाय वेगाचा काटा मेला. गिअरबॉक्सच्या शेपटीशी एक छोटं दातेरी चाक असतं. ते केबल फिरवतं आणि केबल काटा हलवते. नव्या गिअरबॉक्सला जुनी केबल बसेना.

"गाडी चल रही है ना?" उस्ताद म्हणाले. "फिर मीटर का क्या अचार डालोगे?"

त्याच सुमारास काकूंना दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि काकांना बाहेर बोलावून सांगितलं, हृदयाची झडप कामातून गेली आहे, ऑपरेशन सोसणार नाही, आता जपायचं. मी सोबत होतो. काकांनी विचारलं, "काटा काय म्हणते? किती महिने?"

"याला काटा नसतो, गजभिये," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर तीन दिवस काकांनी मोहल्ल्यात कुणाचीही चूक काढली नाही. लोक काळजीत पडले.

चौथ्या दिवशी ते मला घेऊन वाडीला गेले. "उस्ताद, इसको पचास पे लाना है."

उस्तादांनी जीपकडं पाहिलं, मग काकांकडं. "पचास पे ये नहीं जाएगी बाबू. इसके पुर्जे जाएँगे."

काकांनी वाकून जीपच्या खाली पाहिलं. मग म्हणाले, "बरं. काटा तरी चालू करू."

पुढचे दोन महिने रविवारी हेच चाललं. केबल हातभर तोकडी पडली, म्हणून मोडक्या बसची आणली. तिचं टोक गोल होतं, भोक चौकोनी. काकांनी टोक कानशीनं घासून चौकोनी केलं. दातेरी चाक तर मिळण्यासारखंच नव्हतं. ते त्यांनी फायबरच्या तुकड्यातून स्वतः कापलं, एकेक दात घासून. पहिलं चाक अर्ध्या तासात बोडकं झालं. दुसऱ्यानं उभ्या गाडीत दहाचा वेग दाखवला. "हे पुढाऱ्यासारखं बोलून राहिलं," काका म्हणाले आणि ते फेकून दिलं.

दरम्यान त्यांनी मीटरची तबकडीही काढली. ती लष्करी होती. तिच्यावर मैल होते आणि आकडे इंग्रजी. काकांनी ती पांढरी रंगवून बारीक ब्रशनं मराठी आकडे लिहिले. १०, २०, ३०. मी भारावून गेलो. त्यावर पत्रक काढलं, 'एका कामगाराचा स्वाभिमानी काटा'. काकांनी ते वाचलं. "काहून एवढं लिहितं गा?" एवढंच म्हणाले.

तिसरं चाक वीस दातांचं झालं. आम्ही ते अमरावती रोडवर तपासलं. काकांची रीत सोपी होती. मी मागं बसून एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत घड्याळ पाहायचं. पस्तीसच्या वेगानं एकशे तीन सेकंद लागायला हवेत, पन्नासच्या वेगानं बहात्तर. काटा पस्तीसवर होता आणि माझ्या घड्याळात एकशे तीन सेकंद झाले. काका हसले नाहीत, पण परतताना त्यांनी दोनदा उगाच हॉर्न वाजवला.

पुढच्या रविवारी सकाळी काकू पुढच्या सीटवर बसल्या. पाठीला उशी, अंगावर ठेवणीतली पांढरी साडी. मी मागं, पायाशी हत्यारांची पिशवी. वाडी मागं पडली, ट्रक विरळ झाले. काकांनी वेग वाढवला. गिअरबॉक्स ओरडायला लागला.

जीपचा मीटर मधोमध असतो, त्यामुळं काकूंना तो स्पष्ट दिसत होता. त्या बोट ठेवून वाचायला लागल्या. "दोनावर पूज्य, वीस. तीनावर पूज्य, तीस." विहारातल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या नुकत्याच आकडे शिकल्या होत्या. मराठीच, इंग्रजी त्यांना येत नव्हते. मला माझं पत्रक आठवलं आणि कान गरम झाले.

काटा तीसवरून चाळीसवर गेला. ही गाडी चाळीसनं जाऊच शकत नव्हती. काटा आणखी सरकला.

"पाचावर पूज्य!" काकू ओरडल्या. "पन्नास! अवो, पन्नास झाले नं जी!"

"मंग? काटा काय म्हणते?"

"पन्नास म्हणते! आली बाप्पा, गुदगुली आली!" त्यांनी पोटावर हात ठेवला आणि त्या शाळकरी मुलीसारख्या हसायला लागल्या.

मी सवयीनं दगड पाहून घड्याळ लावलं होतं. पुढचा दगड आला तेव्हा एकशे तीन सेकंद झाले होते. गाडी पस्तीसनंच चालली होती.

पायाशी हत्यारांच्या पिशवीत फडक्याचं एक लहान पुडकं वर आलं होतं. मी ते उघडलं. आत वीस दातांचं चाक होतं, तेल लावून नीट ठेवलेलं. म्हणजे गाडीत आता दुसरंच चाक होतं, कमी दातांचं. दात कमी असले की केबल जास्त फिरते आणि काटा पुढं पळतो. किती दात कमी करायचे, हे काकांनी नेमकं काढलं असणार. पस्तीसचे बरोबर पन्नास, ना एकोणपन्नास, ना एक्कावन्न.

आरशातून काका माझ्याकडं पाहत होते.

"तुझी घडी काय म्हणते गा?" त्यांनी विचारलं.

काकूही मान वळवून पाहायला लागल्या. डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं होतं.

मी पुडकं बांधून पिशवीच्या तळाशी सारलं.

"बहात्तर, काका," मी म्हणालो.

सख्ख्या मामाची चार वर्षं भर शोकसभेत उतरवणारा तो माणूस आरशातून नजर काढून रस्त्याकडं पाहायला लागला.

"बराबर," ते म्हणाले.

"मंग वापस जातानीही पन्नासच ठेवजा जी," काकू म्हणाल्या.