ढवळ्या-पवळ्या खून खटला

मी वामनराव सुरडकर, विदर्भातला पहिला खासगी गुप्तहेर. दुसरा अजून कोणी झालेला नाही, त्यामुळे माझ्या क्रमांकाला धोका नाही. मेहकर आगारात मी आयुष्यभर कंडक्टरकी केली. खच्चून भरलेल्या गाडीत तिकीट न काढलेला माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. ज्याने तिकीट काढलेलं असायचं त्यालाही माझ्या नजरेने आपण काढलेलं नाही असं वाटायला लागायचं. निवृत्तीनंतर ही नजर गंजू नये म्हणून मी घरावर पाटी लावली: 'खासगी गुप्तहेर. अत्यंत गुप्तता पाळली जाईल. दार उघडलं नाही तर मोठ्याने हाक मारावी.' माझे डोळे घारीचे आहेत आणि नाक मुंगसाचं. कानांबद्दल माझ्या बायकोचं मत वेगळं आहे, पण ती तपासाच्या कक्षेबाहेरची व्यक्ती आहे.

कपाशीचा हंगाम ऐन भरात असताना एका सकाळी कुणीतरी खरोखरच मोठ्याने हाक मारली. दारात मोटरसायकलवर गुलजार उभा होता. हा आमच्याच गल्लीतला पोरगा. औरंगाबादेत कॉम्प्युटर शिकून आला आणि अमडापूरच्या भगवानराव लहाने यांच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनिअर म्हणून लागला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"वामनकाका, चला. मालकानं बोलावलं. रोज दुपारी ढवळ्या मरून राह्यला."

"रोज?" मी वही बाहेर काढली आणि ती कोरी असल्याने परत ठेवली. "बैल एकदाच मरतो, गुलजार."

"बैल नाही काका, सर्व्हर! आन् त्याले पवळ्या मारते."

खून! तोही जोडीदाराकडून! मी टोपी घातली. बायको म्हणाली, "येतानी मेथी आणजा." गुप्तहेराला असे आघात सोसावे लागतात.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. जिनाच्या फाटकापासून उंद्रीच्या रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यात पुढच्या गाडीवर, कापसाच्या ढिगावर, कडूबा नावाचा एक म्हातारा शेतकरी राजासारखा बसला होता.

"आले का डॉक्टर?" त्याने विचारलं.

"मी गुप्तहेर आहे."

"कोणीबी असा बाप्पा, पण नीट करा. इथं रोज दुपारी वजन बंद पडते, कापूस उन्हात तापून राह्यला. पहिले एकच काटा व्हता, तो कधी मेला नाही. आता मालकानं दोन दोन कॉम्प्युटर बांधले, अन् दोन्ही झोपतेत. आज नाही झालं तं आम्ही गाड्या चिखलीले वळवतो."

हा माणूस मला पहिल्याच नजरेत संशयास्पद वाटला. त्याचा डावा बैल ऑफिसच्या खिडकीकडे टक लावून बघत होता.

ऑफिसात भगवानराव भेटले. पांढरं धोतर, मोठं पोट आणि त्याहून मोठा आवाज. "वामनराव, हे कोणाचं तरी कारस्थान हाय! मागच्या साली एकच कॉम्प्युटर व्हता. तो बिघडला अन् जिन बंद. म्हणून या गुलजारनं दोन घ्यायले लावले. म्हणे एक पडला तं दुसरा उभा राहीन. आता दोघं मिळून पडतेत! याले सांगून ठेवलं मी. आज दिवे लागाच्या आत बंदोबस्त झाला नाही, तं उद्यापासून येऊ नको. पुण्याहून माणूस आणतो."

 पुढच्या महिन्यात गुलजारचं जहांआराशी लग्न ठरलं होतं, आणि जहांआराच्या वडिलांनी होकार माणसापेक्षा नोकरीलाच जास्त दिला होता. हे मला सगळ्या गल्लीने सांगितलं होतं, म्हणजे ते गुप्तच होतं.

मी गुलजारला बाजूला घेतलं. "मयताची सगळी माहिती सांग."

त्याच्या खोलीत एक उंच काळी पेटी गुरगुरत होती. तो ढवळ्या. शेजारच्या मालकांच्या केबिनमध्ये तसाच दुसरा, तो पवळ्या. मालकांचा हट्टच होता, की एक सर्व्हर माझ्या डोळ्यासमोर पाहिजे. नावंही त्यांनीच ठेवली होती.

"अन् ही तिसरी पेटी?"

"हा दोघाइचा साठा. सगळ्या गाड्याइचं वजन, कापसाच्या गठाणीचे नंबर, सगळं इच्यात. गव्हाण एक अन् बैल दोन, असं समजा. पण एका वेळी एकानंच तोंड घालायचं."

"दोघांनी घातलं तर?"

"तं सगळ्या माहितीचा काला. म्हणून ही बारीक तार." त्याने ढवळ्याच्या पाठीतून निघालेली एक निळी तार दाखवली. "इच्यातून दोघं एकमेकाले सारखे सांगत राहतेत, 'मी हाय, मी हाय.' हे त्याइचं हार्टबीट. ज्याले समोरच्याचा आवाज आला नाही, तो समजते की समोरचा मेला. पण अर्धमेला राहून गव्हाणीत तोंड घालीन, म्हणून पहिले त्याची वीज तोडते, अन् मंग काम आपल्या हाती घेते."

"म्हणजे खात्री करण्यासाठी मारतो?"

"हाव."

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या सभ्य कारणासाठी केलेला खून मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"पण आता दोघाइलेही आवाज येत नाही. मंग दोघं एकदमच एकमेकाची वीज तोडतेत. परत चालू होतेत, परत तोडतेत. मी तार तपासायले केबिनमध्ये गेलो की तार ठणठणीत! हा हिरवा दिवा लागलेला. तार बदलली, तरी तेच."

ती निळी तार भिंतीच्या कडेने जाऊन केबिनच्या दाराच्या बिजागरीजवळून आत गेली होती. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. मी तिला निर्दोष सोडलं.

मग केबिनमध्ये भगवानराव आणि गुलजारच्या देखत पवळ्याची चौकशी केली. "तू नेहमी दुसरा," मी त्याच्या कानाजवळ, म्हणजे पंख्याजवळ म्हणालो, "तो पहिला. मत्सर वाटला?" पवळ्या गुरगुरला. कबुलीजबाब जवळजवळ मिळाल्यासारखाच होता. इतक्यात माझा हात त्याच्या माथ्यावर टेकला आणि चिकटला.

मी बोट नाकाला लावलं. मग जिभेला.

"गोड!"

भगवानरावांचा चेहरा कापसाच्या रंगाचा झाला. "ते... ग्रीस असीन."

"गोड ग्रीस?"

"इम्पोर्टेड हाय ना."

मी मान डोलावली. परदेशी मालातलं मला कळत नाही. पण पवळ्याच्या माथ्यावरून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग खिडकीकडे चालली होती, आणि त्या ग्रीस खाणाऱ्या वाटत नव्हत्या. खिडकी उघडून पाहिलं तर बाहेर रस्ता, रस्त्यावर कडूबा आणि त्याच्या बैलाची तीच नजर. पलीकडे हॉटेलातल्या कढईतून धूर निघत होता. धूर लपवण्यासाठी की दाखवण्यासाठी, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नाही.

माझं डोकं एसटीच्या वेगाने धावू लागलं, म्हणजे घाटात थोडं अडखळलं पण पुढे गेलं. गोड म्हणजे मिठाई. मिठाई म्हणजे लग्न. लग्न कोणाचं?

"गुलजार!" मी त्याचं मनगट धरलं. "खुनी तू आहेस!"

"अहो काका, माझं लग्न अजून व्हायचं हाय!"

"म्हणजे पूर्वतयारी!"

"मी माहीच नोकरी काऊन घालवू?"

हा मुद्दा मला अवघड गेला. मी मनगट सोडलं आणि मुंग्यांवर आलो. चिखलीच्या जिनवाल्याने शिकवलेल्या मुंग्या सोडल्या असाव्यात, त्या तारेतून येणारा 'मी हाय' मधल्या मध्ये खाऊन टाकत असाव्यात. हे मी भगवानरावांना समजावून सांगितलं. आश्चर्य म्हणजे त्यांना ते लगेच पटलं. "मुंग्याच!" ते म्हणाले. "शंभर टक्के मुंग्या! गुलजार, पावडर आण. अन् आता सगळे भायेर व्हा, मले अकोल्याले फोन लावायचा हाय. दलालाशी खाजगी बोलनं हाय." आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.

आम्ही पावडर शोधायलाही लागलो नव्हतो, तोच ढवळ्याने एक लांब उसासा टाकला आणि तो गप्प झाला. भिंतीपलीकडे पवळ्याही गप्प झाला. पुन्हा घरघर सुरू झाली, पुन्हा बंद. काट्याजवळ कोणीतरी ओरडलं, "गेलं रे!" रांगेच्या शेवटच्या दोन गाड्या खरोखरच चिखलीच्या दिशेने वळल्या.

गुलजार ढवळ्यामागे गुडघ्यावर बसला होता. हिरवा दिवा विझला होता. "मले काहीच समजून नाही राह्यलं, काका," तो म्हणाला. त्याचा आवाज असा आला की मीसुद्धा मुंग्यांचा विषय काढला नाही. या पोराला मी थोड्या वेळापूर्वी खुनी म्हटलं होतं. मला जरा लाज वाटली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला; हात अजून चिकट होता, त्यामुळे तो जरा जास्तच वेळ राहिला.

तेवढ्यात विमलबाई आल्या. भगवानरावांची बायको. हातात डबा, कपाळावर घाम.

"कुठी हायेत हे?"

"आत आहेत, वहिनी. अकोल्याला फोनवर बोलताहेत," मी म्हणालो.

विमलबाईंनी डबा टेबलावर ठेवला. फार हळू ठेवला. "फोनवर?"

"हो. दलालाशी."

"वामनभाऊ, जिनातला फोन तं कालपासून मेला हाय. मी घरून लावून लावून थकली, म्हणून डबा घेऊन सवता आली."

माझ्या कारकिर्दीत इतकी शांतता मी फक्त फुकट्या प्रवाशांच्या गाडीत तपासणीस चढल्यावर ऐकली होती.

विमलबाईंनी दारावर थाप मारली. "अवो! उघडा!"

आत काहीतरी सरकलं. कागद चुरगळला. कडी निघाली, दार उघडलं, आणि दारात भगवानराव उभे होते. त्यांचे गाल दोन्ही बाजूंनी फुगले होते आणि मिशीवरून पाकाचा एक थेंब खाली यायची वाट बघत होता.

"हार्टबीट आलं!" गुलजार ढवळ्यामागून ओरडला. "काका, हिरवा दिवा लागला!"

"जिलबी!" विमलबाई ओरडल्या.

दोघंही एकदमच ओरडल्यामुळे मला क्षणभर जिलबीचंच हार्टबीट आलं असं वाटलं.

"डॉक्टरनं साखर बंद केली, घरी मी कारल्याचा रस देऊन राह्यली, अन् इथं दार लावून जिलबी?" विमलबाईंनी त्यांना आत सारून रागाने दार ओढलं. ते धाडकन लागलं.

"गेलं!" गुलजार ओरडला.

विमलबाईंनी दार उघडलं.

"आलं!"

त्या थांबल्या. दाराकडे पाहिलं. बिजागरीजवळच्या फटीत वाकून पाहिलं. "अरे गुलजार, ही तुही तार इथं चेपते ना बाप्पा. दार लागलं की चेपली, उघडलं की मोकळी. अन् तू तपासायले येते तं दार उघडूनच येत असशीन."

गुलजारने आधी दाराकडे, मग मालकांकडे पाहिलं. तो आधी हसला, मग रडेल की काय असं वाटलं, मग परत हसला. भगवानरावांनी तोंडातली जिलबी गिळली, कारण पुरावा नष्ट करण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता.

"रोज?" विमलबाईंनी विचारलं.

"नाही, नाही. दुपारचीच," भगवानराव म्हणाले. "अन् रविवारी जिन बंद राहते."

"या पोराची नोकरी घेऊन राह्यले व्हते तुम्ही. दोन जिलब्यांपायी!"

"दोन नाही..." भगवानरावांनी तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं. मग ते गुलजारकडे वळले. मोठा आवाज एकदम लहान झाला. "चुकलं गड्या. तू कुठंच जाऊ नको. लग्नाले आम्ही दोघं येतो." जरा थांबून त्यांनी विचारलं, "जेवणात गोड काय हाय?" विमलबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो प्रश्न तिथेच मेला.

गुलजारने भिंतीला वरच्या बाजूला भोक पाडून निळी तार त्यातून नेली. ढवळ्या-पवळ्या चालू झाले, दोघांनी एकमेकांना 'मी हाय' सांगितलं, आणि कडूबाची गाडी काट्यावर चढली. चिखलीकडे वळलेल्या गाड्या अर्ध्या रस्त्यातून परत आल्या. पुडक्यात उरलेली जिलबी विमलबाईंनी गाडीवानांना वाटून टाकली. मलाही एक मिळाली, पुरावा म्हणून.

पण विमलबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी सुतार बोलावला आणि केबिनचं दार बिजागरीसकट काढून घरी नेलं. "आता तार चेपणार नाही," त्या म्हणाल्या, "अन् हेबी मले कधीबी दिसतीन."

आठवड्याने भगवानराव स्वतः मेहकरला माझ्या घरी आले. खुर्चीवर बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजले, "वामनराव, एक नाजूक काम हाय. जिनात आतून कडी लागणारी एखादी खोली शोधून द्याल? गुपचूप."

मी त्याच दिवशी अमडापूर गाठलं. गठाणींमागे, पत्र्याच्या शेडच्या टोकाला, अगदी तशीच एक खोली मला सापडली. तिच्या दाराला आतून कडी लागलेली होती, आणि आतून विमलबाईंचा आवाज आला, "कोण? वामनभाऊ का? बसा, मी आमच्या ह्याइचीच वाट पाहून राह्यली."